माझ्या आत सरकलेली तबकडी

मी एक जुना गोळा आहे, मित्रांनो. खेळायचा नव्हे, आणि तोफेचा तर नव्हेच नव्हे. मी मोठ्या कलिंगडाएवढा आहे, पण आरपार दिसणारा, जाड प्लॅस्टिकचा. माझ्या पोटात पाणी आहे आणि त्या पाण्यात एकाखाली एक अशा पाच तबकड्या बसवल्या आहेत. प्रत्येक तबकडीवर बोराएवढे निळे मणी ओळीने लावले आहेत. इंजिनिअर लोकांनी मला एक भारदस्त नाव दिले होते, पण जिने मला सर्वांत जास्त हाताळले ती मला भोपळेराव म्हणायची. तेच नाव मला चिकटले.

आता माझ्या अंगावर एक लाल पट्टी आहे. तिच्यावर 'वापरू नये' असे लिहिले आहे. मी एका काचेच्या कपाटात, जुन्या वायरींच्या शेजारी बसून असतो. ही पट्टी मला का लागली, ते तुम्हाला सांगायचे आहे. गोष्ट आनंदाची नाही. मध्येच उठून जावेसे वाटले तर जा, मी रागावणार नाही.

माझा जन्म चार कारागिरांच्या एका लहान कारखान्यात झाला. त्यांतल्या एकाने माझ्या तबकड्या चार दांड्यांवर ओवल्या, प्रत्येकीखाली टेकू म्हणून कड्या घातल्या आणि कड्यांना पाण्यात न सुटणारा डिंक लावून त्या पक्क्या केल्या. मग तीन दिवस मला मोजत होते. वरच्या तबकडीपासून खालच्या तबकडीपर्यंत बरोबर दीडशे मिलिमीटर, एक केसभरही इकडे नाही की तिकडे नाही. माझ्यासोबत एक जाड कागद आला, त्यावर सही-शिक्क्यासह ही सगळी अंतरे लिहिली होती. खरे सांगतो, त्या कागदाचा मला फार तोरा होता.

माझे काम काय, ते नीट समजून घ्या. पाच शहरांतली पाच केंद्रे मिळून एका आजाराचा अभ्यास करत होती. स्मृतिभ्रंश. माणसे आधी किल्ल्या विसरतात, मग रस्ते विसरतात, मग घरातली माणसे विसरतात. या आजारात मेंदू हळूहळू आखडत जातो. वर्षाकाठी टक्का, दोन टक्के, फार तर तीन. एवढीशी घट डोळ्यांना दिसत नाही, म्हणून एमआरआयचे यंत्र डोक्याचे चित्र काढते आणि त्या चित्रावरून मेंदू मोजतात. पण पाच शहरांत पाच यंत्रे. दोन शिंप्यांच्या टेप वेगवेगळ्या असल्या, तर एकाने घेतलेल्या मापावर दुसऱ्याने शिवलेला सदरा अंगाला कसा बसेल? यंत्रांचेही तसेच. एखादे यंत्र चित्र जरासे ताणते, एखादे आखडते. म्हणून मला यंत्रात घालायचे, माझे चित्र काढायचे आणि माझ्या कागदाशी ताडून बघायचे. चित्रात अंतर कमी आले तर यंत्र आखडते आहे असे समजायचे आणि त्या यंत्राची सगळी चित्रे तेवढी ताणून घ्यायची. कागदावर दीडशे आणि चित्रात दीडशे, म्हणजे यंत्र ठीक. पाचही यंत्रे माझ्या शब्दावर चालत.

वर्षातून एकदा मी पाचही केंद्रांचा दौरा करायचो. एरवी माझा मुक्काम तिसऱ्या केंद्रात असे, कारण ते सगळ्यांच्या मधोमध होते. तिथली तंत्रज्ञ बाई म्हणजे माझे नामकरण करणारी. सगळे तिला ताई म्हणत. ताई फार नेटकी. अभ्यासातली माणसे येणार असली की ती आधी मला प्लॅस्टिकच्या गाडीवरून यंत्राच्या खोलीत न्यायची, कारण त्या खोलीत लोखंड चालत नाही. मला ठेवताना एखाद्या बाळाला ठेवावे तसे ठेवायची. "भोपळेराव, हलायचं नाही हं," म्हणायची. मी कुठला हलतोय! यंत्र वीस मिनिटे धाडधाड वाजत राहायचे, मग पडद्यावर हिरवी खूण यायची आणि ताई हुश्श म्हणायची.

ज्या खोलीत माणसे घड्याळ, किल्ल्या, पट्टा काढून ट्रेमध्ये ठेवत, तिथेच माझे कपाट होते. त्यामुळे माणसे मला जवळून दिसायची. बहुतेक जण माझ्याकडे बघतही नसत. एक गृहस्थ मात्र वेगळे निघाले.

ते जमिनीची मोजणी करणारे सरकारी मोजणीदार होते, नुकतेच निवृत्त झालेले. सोबत त्यांची बायको. दोघे सहा तासांचा बसप्रवास करून आले होते. ताई त्यांना काका-काकू म्हणू लागली. काकांनी घड्याळ काढता काढता कपाटाकडे पाहिले आणि विचारले, "हे काय? मासे मेले वाटतं यातले?"

ताईने हसत हसत मी कोण ते समजावून सांगितले. काकांचा चेहरा एकदम खुलला.

"अहो, म्हणजे ही तुमची खूण! आमच्या कचेरीच्या ओट्यावर दोन खुणा कोरलेल्या होत्या. रोज सकाळी मोजणीची साखळी त्या खुणांशी ताडायची आणि मगच शेतावर जायचं. साखळी ताणली जाते, कड्या वाकतात. खूण हलत नाही."

"आणि खूण हलली तर?" ताईने गमतीने विचारले.

"मग गावभर भांडणं!" काका म्हणाले आणि आपल्याच बोलण्यावर खूप हसले.

मग ते वाकून माझ्याकडे बघत राहिले. त्यांनी एक डोळा मिटला. "वरून खाली दीडशे मिलिमीटर. मधलं एकेक अंतर साडेसदतीस. बरोबर?"

ताईने माझा कागद काढून पाहिला. तंतोतंत बरोबर होते. मला त्या माणसाबद्दल तेव्हाच माया वाटू लागली. नुसत्या डोळ्यांनी मला ओळखणारा दुसरा कुणी मला भेटला नव्हता.

काकू मात्र घुश्शात होत्या. "काही झालेलं नाही यांना," त्या ताईला म्हणाल्या. "डोकं रिकामं आहे, म्हणून हे नसते उद्योग. चांगलं खातात, पितात, फिरतात."

काकू कागद भरायला बाहेर गेल्या, तेव्हा काका हळू आवाजात बोलले. "एका शेताची मोजणी मी दोनदा केली, आणि दोनदा वेगळी आली. चाळीस वर्षांत असं झालं नव्हतं. ताई, तुमच्या औषधांची मला आशा नाही. मला एवढंच कळायला हवंय, की हे खरं आहे की माझा भास. खरं असेल तर हिला सांगता येईल. माझं सांगणं ही मानत नाही. तुमचं चित्र मानेल."

त्या दिवशी मी धडधाकट होतो, यंत्रही ठीक होते. काकांच्या मेंदूचे पहिले चित्र निघाले. ते अगदी खरे होते. आता पुढच्या वर्षी दुसरे काढायचे आणि दोन्ही शेजारी ठेवून बघायचे, असा तो मामला होता.

वर्ष गेले. ठरलेल्या तारखेला काका-काकू येणार होते. अभ्यासाचा नियम कडक होता: वर्षाच्या तारखेला महिन्याहून जास्त उशीर झाला, तर ते माणूस अभ्यासातून बाद. दुसराही एक नियम होता, तो माझ्याच कपाटावर चिकटवलेला होता. गोळा पडला किंवा आपटला तर लगेच नोंदवहीत लिहावे, गोळा कारखान्यात पाठवावा आणि पुन्हा मोजून येईपर्यंत कुणाचेही चित्र काढू नये. कारखान्यातून परत यायला सहा-सात आठवडे लागत.

त्या सकाळी ताई मला गाडीवरून नेत होती. यंत्राच्या खोलीच्या उंबऱ्याला रबराची एक पट्टी होती आणि तिचे एक टोक सुटून वर आले होते. तेवढ्यात बाहेरून कुणीतरी हाक मारली, "ताई, ते सहा तासवाले आलेत. काकांना चक्कर आल्यासारखं होतंय, बसले आहेत." ताईने मान वळवली, चाक रबरात अडकले आणि मी घसरून कमरेएवढ्या उंचीवरून जमिनीवर आदळलो.

मित्रांनो, त्या क्षणी माझ्या आत डिंक तुटल्याचा एक बारीक आवाज झाला. सगळ्यांत वरची तबकडी कड्यांसकट खाली सरकली. तीन मिलिमीटर, जास्त नाही. पाण्याचा थेंब सांडला नाही, बाहेरून साधा ओरखडाही नाही.

ताई पटकन खाली वाकली. तिने मला उचलून उजेडात फिरवले, कानाशी धरून हलवले. "काही झालं नाही ना रे तुला?" ती म्हणाली. मला ओरडून सांगायचे होते, बाई, मी मोडलो आहे. पण मला तोंड कुठे आहे?

ती बराच वेळ नोंदवही समोर घेऊन बसली. पेनाचे टोपण काढले, लावले, पुन्हा काढले. लिहिले असते तर काका-काकूंना सहा तास परत पाठवावे लागले असते आणि सात आठवड्यांनंतर ते अभ्यासातून बादच झाले असते. त्या महिन्यात आणखी चौघांच्या तारखा होत्या. ती घाबरली होती, हे मी नाकारत नाही. मोठे डॉक्टर, म्हणजे साऱ्या अभ्यासाचे प्रमुख, चूक झाली की माणसाला सगळ्यांसमोर सोलून काढत. पण बाहेर बाकावर चक्कर येऊन बसलेला माणूसही तिच्या डोळ्यांसमोर होता. ती दुष्ट नव्हती. दुष्ट असती तर मला ही गोष्ट सांगायला सोपी गेली असती.

तिने नोंदवही मिटली आणि मला यंत्रात ठेवले.

यंत्राने माझे चित्र बरोबर काढले. त्याने जे होते ते दाखवले: वरपासून खालपर्यंत एकशे सत्तेचाळीस. पण कागदावर दीडशे लिहिलेले. हिशेब करणारा प्रोग्रॅम मधल्या तबकड्या बघतच नसे. वेळ वाचावा म्हणून तो फक्त टोकापासून टोकापर्यंत मोजायचा. त्याने निकाल दिला: यंत्र वर-खाली दिशेने दोन टक्के आखडून दाखवत आहे, सर्व चित्रे त्या दिशेने दोन टक्के ताणून घ्यावीत. आठवड्यापूर्वीच यंत्राची सर्व्हिसिंग झाली होती, त्यामुळे कुणालाच नवल वाटले नाही. ताईने तर सुटकेचा श्वास सोडला. "बघ, सर्व्हिसवाल्यांनीच काहीतरी करून ठेवलंय," ती मला म्हणाली. तिला तसेच वाटायला हवे होते, म्हणून तसे वाटले.

दुरुस्ती लागली आणि मग काका यंत्रात गेले.

त्या वर्षात काकांच्या मेंदूतून दोन टक्क्यांहून थोडे जास्त गेले होते. वयाने जेवढे जाते त्याच्या कितीतरी पट. पण चित्र दोन टक्के ताणलेले. जेवढे त्यांचे गेले होते, तेवढे मी कागदावर परत भरून दिले. निकाल आला: फरक जवळजवळ नाही.

पाच-सहा आठवड्यांनी काकू एकट्याच आल्या. शहरात काही काम होते म्हणाल्या, पण त्यांचे काम ताईकडेच होते. माझ्या कपाटाशेजारच्या खुर्चीवर त्या टेकल्या आणि पदर बोटाला गुंडाळत बोलू लागल्या.

"दोनदा गॅस उघडा ठेवला. परवा माझ्याच बहिणीला म्हणाले, बाई, तुम्ही कुणाकडे आलात? मी रडले. अगं, मला एकदा काय ते सांग. खरंच आजार असला तर मी सगळं करीन त्यांचं. पण मला कळू दे."

निकाल घरच्यांना सांगायचा नाही, असाही नियम होता. निकाल अभ्यासासाठी, उपचारासाठी नव्हे. पण समोर बसलेले माणूस रडत असले की नियम कुठे आठवतो? ताईने इकडे तिकडे पाहिले आणि खालच्या आवाजात म्हणाली, "सांगायचं नसतं, काकू. पण मी बघितलंय. वर्षभरात काही घटलेलं नाही. सुखानं झोपा."

काकूंनी डोळे पुसले. आधी त्यांचा चेहरा सैल पडला. मग त्यांच्या भुवया हळूहळू जवळ आल्या. "म्हणजे नाटकं करतायत?"

"रिटायर झालेली माणसं होतात अशी हट्टी," ताई हसून म्हणाली. "जरा धाकात ठेवा."

गमतीत म्हणाली हो ती. काकूंना धीर वाटावा म्हणून म्हणाली. काकूंनी ते गाठीशी बांधले आणि घरी गेल्या.

सहा महिन्यांनी काका-काकू पुन्हा आले, तेव्हा चित्र काढायचे नव्हते, नुसते प्रश्न विचारायचे होते. काका वाळले होते. सदऱ्याची बटणे खालीवर लागली होती. काकू ती दुरुस्त करत नव्हत्या.

"मी लावून देत नाही हल्ली," त्या ताईला म्हणाल्या. "लावून दिली की सवय लागते. येतं सगळं त्यांना. काल दोन तास पायरीवर बसवून ठेवलं मी, म्हटलं, घराचं दार कोणतं ते आठवेल तेव्हाच आत या. शेवटी आलेच की!"

ताई 'बरं' म्हणाली, पण मान खाली घालून.

काका माझ्या कपाटासमोर उभे होते. त्यांना माझी ओळख होती की नाही, कोण जाणे. पण त्यांनी एक डोळा मिटला आणि वाकून बघू लागले. ओठ हलत होते. त्यांनी काचेवर बोट टेकवले आणि स्पष्ट म्हणाले, "ही वरची तबकडी खाली आलीय. तीन मिलिमीटर."

मित्रांनो, माझ्या आतले पाणीसुद्धा त्या वेळी थबकले असेल. एवढ्या डॉक्टरांत, इंजिनिअरांत, पडद्यांत आणि प्रोग्रॅमांत एकालाही जे दिसले नाही, ते या माणसाने पाहिले. ज्याचे डोके मोजायला मला ठेवले होते, त्याने मला मोजले.

"खूण हललीय," काका म्हणाले. "ताई, तुमची खूण हललीय. सगळं चुकत असेल."

"पुरे झालं!" काकू खेकसल्या. "स्वतःची बटणं लावता येत नाहीत आणि चालले यंत्रातल्या चुका काढायला. बसा खाली."

काका ताईकडे बघत राहिले. त्यांना वाटले असेल, ही तरी मानेल. ताईचा चेहरा पांढराफटक पडला होता. एक शब्द पुरला असता. 'बघते' एवढे जरी ती म्हणाली असती तरी पुरले असते. पण त्या एका शब्दामागून तिची सकाळ, ती मिटलेली नोंदवही आणि सहा महिन्यांची सगळी चित्रे बाहेर आली असती. ती म्हणाली, "पाण्यामुळे तसं दिसतं, काका."

काका खाली बसले. ते गेल्यावर ताईने मला बाहेर काढले, फूटपट्टी लावून बघितले, परत ठेवले आणि कपाटाला कुलूप घातले. त्या दिवसापासून तिने मला भोपळेराव म्हणणे सोडले.

त्यानंतर माझा दौरा निघाला. चौथ्या केंद्रात माझ्यामुळे तिथले यंत्र दोन टक्के आखडते ठरले. पाचव्या केंद्रातही तेच. दोन्ही ठिकाणी दुरुस्त्या लागल्या आणि चांगली यंत्रे चुकीची झाली. मी तिथे दिमाखात उतरत होतो आणि माझ्या सही-शिक्क्याचा कागद माझ्यापुढे धावत होता. आपल्याला खोटे ठरवणारे कुणीच नाही, ही फार वाईट अवस्था आहे. पूर्वी मला तिचाच अभिमान होता.

शेवटी मी पहिल्या केंद्रात पोहोचलो. तिथे एक म्हातारे इंजिनिअर होते. सदऱ्याच्या खिशात कायम फूटपट्टी, म्हणून सगळे त्यांना मागे पट्टीसर म्हणत. त्यांच्या यंत्राचाही निकाल आला: दोन टक्के आखडते आहे. पट्टीसरांनी चष्मा कपाळावर चढवला.

"अकरा वर्षं मी या यंत्राबरोबर संसार केलाय," ते शेजारच्या मुलीला म्हणाले. "हे आखडत नाही. बाकीच्यांचे निकाल काढ बघू."

तिने काढले. तिसरे केंद्र दोन टक्के, चौथे दोन, पाचवे दोन. सगळे एकाच बाजूला.

"तीन शहरांतली तीन यंत्रं अगदी सारखी बिघडली? आपसात ठरवलं की काय त्यांनी?"

मग त्यांनी मला एक्स-रेखाली ठेवले आणि एकेक तबकडी मोजली. अर्ध्या तासात माझे पितळ उघडे पडले. पट्टीसरांनी तिसऱ्या केंद्राला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. गोळा पडला होता का, असे त्यांनी विचारलेच नाही.

"गोळा कधी पडला?" त्यांनी विचारले.

 मग ताईने तारीख सांगितली. वारही सांगितला.

पुढचे काम इंजिनिअरांचे होते आणि ते त्यांनी चोख केले. मूळ चित्रे जपून ठेवलेली होती. चुकीचे ताणणे काढून टाकले, सगळे मेंदू नव्याने मोजले. महिन्याभरात पाचही केंद्रांचे आकडे पुन्हा जुळले. प्रोग्रॅम बदलला. आता तो प्रत्येक तबकडी मोजतो. माझ्या जागी नवा गोळा आला आणि मला ही लाल पट्टी लावून तिसऱ्या केंद्रातल्या कपाटात परत पाठवले. अभ्यास वाचला म्हणून मोठ्या डॉक्टरांनी पट्टीसरांचे सर्वांसमोर कौतुक केले. ताईला त्यांनी अभ्यासातून काढले.  तिने एवढेच मागितले, की काका-काकूंना तिला स्वतः सांगू द्यावे.

तिसऱ्या वर्षाच्या तारखेला ते दोघे आले. काकूंनी काकांचा दंड घट्ट धरला होता, कारण सोडला की काका भलत्याच दिशेने चालू लागत. ताईने काकांना खुर्चीवर बसवले आणि काकूंना माझ्या कपाटासमोर उभे राहूनच सगळे सांगितले. मी पडलो ते, नोंदवही मिटली ते, चित्र ताणले गेले ते. काही लपवले नाही, रडलीही नाही.

काकूंनी सगळे ऐकून घेतले. मग विचारले, "म्हणजे ते खरंच विसरत होते?"

"हो, काकू."

"पहिल्यापासून?"

"हो."

"आणि त्या दिवशी ती तबकडी..."

"त्यांना बरोबर दिसली होती."

मला वाटले होते, काकू ओरडतील. ताईलाही वाटले असावे, ती तयारीने उभी होती. पण तसे झाले नाही. त्या काकांसमोर खाली बसल्या आणि त्यांचे दोन्ही हात त्यांनी हातांत घेतले. "अहो," त्या म्हणाल्या. "अहो, इकडे बघा. मला ठाऊक नव्हतं हो."

काकांनी त्यांच्याकडे पाहिले. त्यांना बायको ओळखू आली नाही, हे मला कपाटातूनही दिसत होते. पण कुणीतरी आपल्याशी तळमळून बोलते आहे, एवढे त्यांना कळले. ते घाईघाईने अंग चोरून बसले आणि म्हणाले, "चुकलं माझं. पुन्हा नाही करणार."

"नाही हो, तुमचं नाही चुकलं..."

"चुकलं माझं. पुन्हा नाही करणार."

काकूंनी वर ताईकडे पाहिले. "आता एवढंच बोलतात," त्या म्हणाल्या. "कुणीही जवळ गेलं तरी. माझं नाव गेलं, घर गेलं, मोजणी गेली. मी त्या वर्षात शिकवलेलं तेवढं राहिलंय."

ताईने काकांना उठवायला हात पुढे केला. काकांनी दोन्ही हात डोक्यावर धरले आणि तेच वाक्य पुन्हा म्हटले.

मित्रांनो, मोडलेले आकडे दुरुस्त होतात, हे मी पाहिले आहे. काकांचे ते वर्ष कुणाला दुरुस्त करता आले नाही. मला तोंड नाही म्हणून मी गप्प राहिलो. तुम्हाला तोंड आहे. हातून काही पडले, तर ते कितीही शाबूत दिसले तरी त्याच दिवशी सांगा. कुणाची तारीख चुकेल, कुणी चिडेल, तरी सांगा. आणि तुमच्या घरातले कुणी 'मला आठवत नाही हो' म्हणाले, तर कुठल्याही यंत्राला विचारण्याआधी त्याच्या सदऱ्याची बटणे लावून द्या.